घर काय म्हणतं

माझं नाव भावना आहे. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा सलग बोलले आहे. ‘भ’ला माझा गळा बंद होतो. ‘ब’, ‘द’ आणि ‘ग’लाही होतो, पण ‘भ’चं वैर जुनं. नाव सपना ठेवलं असतंत तर निम्मं आयुष्य सोपं गेलं असतं, असं मी आईला एकदा चिडून सांगितलं होतं. म्हणजे सांगायला सुरुवात केली होती. पुढचं वाक्य आईनेच पूर्ण केलं आणि त्याला उत्तरही तिनेच दिलं.

माझी आई रत्नाबाई बोईसरच्या बाजारात मासे विकते. कुणाचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला तिला वेळ नसतो, गिऱ्हाइकाचंही नाही. आमच्या दांडी गावात बहुतेक सगळे तसेच. मी ‘द’वर अडकले की चार माणसं चार शब्द पुढे करतात, दार, दही, दवाखाना, आणि मी त्यातला जवळचा बघून मान हलवते. अशी मान हलवून मी नको असलेली भजी खाल्ली आहेत, नको त्या नाक्यावर उतरले आहे आणि एकदा तर नको असलेलं स्थळ बघायला डहाणूपर्यंत जाऊन आले आहे. लोकांना वाटतं, पोरगी गरीब स्वभावाची आहे. मी अजिबात गरीब स्वभावाची नाही. डोक्यात माझी वाक्यं सटासट तयार असतात आणि त्यातली निम्मी अपमान करणारी असतात.

शिकून केमिकल इंजिनिअर झाले. नोकरीसाठी चार मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी नावातच अडकले आणि समोरच्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. माणूस तोतरा असला की त्याला तहान लागते असा सुशिक्षित लोकांचा समज आहे. पाचवी मुलाखत एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे मॅनेजर होते बळवंत साळुंखे, मूळ कराडकडचे. त्यांनी पाणी दिलं नाही. हातातलं पेन टेबलावर ठेवलं, खुर्चीला टेकले आणि माझं नाव पूर्ण होईपर्यंत थांबले. मला वाटतं, त्याच क्षणी मी त्या माणसासाठी काहीही करायला तयार झाले. ही माझी पंचाईत पुढे फार महाग पडली.

माझं काम सांडपाण्याचं. कारखान्यातून जे रंगीत, उग्र पाणी निघतं ते साफ करून पाइपने पुढे सोडायचं, आणि ते शेवटी समुद्रातच जातं. साफ होतं ते एका मोठ्या टाकीत. तिथे जिवाणू ते पाणी खातात, असं मी आईला समजावलं तेव्हा तिने कानाला हात लावला होता. दर महिन्याला ही टाकी रिकामी करून गाळ काढावा लागतो. त्याला दोन दिवस लागतात. कारखाना मात्र दोन दिवस बंद ठेवता येत नाही. म्हणून ते दोन दिवस पाणी टाकीला वळसा घालून, अर्धंकच्चं पुढे जातं. जोडीला दुसरी टाकी बांधली तर प्रश्न मिटतो. मी हे साहेबांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तेच त्यांनी पुढच्या वर्षीही म्हटलं.

यंदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कारखाना दुप्पट होणार होता, शेजारी नवा प्लांट.

“दांडीत सभा घ्यायची आहे,” साहेब म्हणाले. “गेल्या वेळी हेड ऑफिसचा माणूस पाठवला, तर लोक उठून गेले. या वेळी तू बोलायचंस.”

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

“ते मला माहीत आहे. त्यासाठी मुंबईहून मॅडम येणार आहेत. तू एकटी नाहीस, सगळ्या इंजिनिअरांना शिकवणार आहेत. आमच्यातलं कोण नीट बोलतं? आणि हे बघ, परमनंटसाठी या वेळी मी तुझं नाव पुढे केलंय. हितेशचंही बघू.”

हितेश माझा धाकटा भाऊ. त्याच कारखान्यात पॅकिंगला, कंत्राटदाराच्या हाताखाली. ‘हितेशचंही बघू’ हे वाक्य चांगल्या अर्थानेही म्हणता येतं आणि वाईट अर्थानेही. साहेबांनी ते कुठल्या अर्थाने म्हटलं, हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

अपेक्षा मॅडम आल्या. गोड, हुशार, आणि खरंच चांगल्या बाई. त्यांच्यावर मला राग धरायचा होता पण त्यांनी संधीच दिली नाही. कॉन्फरन्स रूममध्ये आम्हाला एकेक करून उभं केलं. इलेक्ट्रिकलचा विनोद सगळा वेळ पडद्याशी बोलला, आमच्याकडे त्याने पाठ केली ती शेवटपर्यंत. दुसऱ्या एकाने तापमानांचे आकडे इतके सांगितले की एसी चालू असून आम्हाला घाम आला.

“तुम्ही लोक बोलायला लागलात की वाटतं काहीतरी बिघडलंय,” मॅडम हसून म्हणाल्या.

बिघडलेलंच असतं, बाई, असं माझ्या मनात आलं. आमच्याकडे पाळी बदलताना जे नीट चाललंय त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. पंप गळतो, व्हॉल्व्ह अडकतो, मीटर खोटं दाखवतो, एवढंच सांगून माणूस घरी जातो. ज्याबद्दल बोललं नाही ते ठीक आहे असं पुढच्याने समजायचं. त्यावर माणसांचे जीव टिकतात. मॅडमनी नेमकं उलटं शिकवलं. आधी जे छान आहे ते सांगा, मग जे आणखी छान होणार आहे ते सांगा. समोर तीन चेहरे निवडा, त्यांच्याकडे आळीपाळीने बघा. आकडे नकोत, गोष्ट सांगा. बाकीचे भराभर शिकले. विनोद तर महिन्याभरात इतका बोलका झाला की कँटीनमध्ये त्याच्याजवळ कोणी बसेना.

माझ्यापाशी मॅडमची सगळी औषधं संपली. श्वास सोडून सुरुवात कर म्हणाल्या, केली. ताल धरून बोल म्हणाल्या, बोलले. ‘भ’ तसाच आडवा. मग एक दिवस त्या म्हणाल्या, “तू बोलते आहेस हे विसरून जा. भावना इथे नाहीच. कंपनी बोलते आहे. तू फक्त तिला तुझं तोंड दिलंयस.”

मी डोळे मिटले आणि कंपनी झाले. आणि बोलले. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कुठेही न ठेचकाळता, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. विनोदने टाळी वाजवली. चहा घेऊन आलेला बिहारी ऑपरेटर दारातच थांबला होता, तो म्हणाला, “मॅडम, आप तो एकदम न्यूजवाली जैसा बोलीं.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ज्याला कधी अडकावं लागलं नाही त्याला ते कळायचं नाही.

त्या संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर मी रिक्षावाल्याला पहिल्या झटक्यात ‘दांडी’ म्हटलं. तो नुसता ‘बसा’ म्हणाला, त्याला काय कल्पना. वाटेतल्या सरावली गावच्या दुकानात ‘बटाटे’ मागितले आणि बटाटेच मिळाले. मी रस्त्याने चालताना हसत होते. फक्त एक गोष्ट होती. दर वेळी मला आधी डोळे मिटून दुसरं कुणीतरी व्हावं लागत होतं. बटाटे घेतानासुद्धा मी कंपनीच होते.

मग भाषण तयार झालं. मॅडमनी आणि साहेबांनी मिळून केलं. त्यात पाणी कसं साफ होतं हे होतं, जिवाणू होते, नव्या प्लांटमधल्या नोकऱ्या होत्या. आणि मधोमध एक वाक्य होतं: आमच्या पाण्याची महिन्याची सरासरी नेहमीच चांगली असते. सरासरी खरीच चांगली असते. अठ्ठावीस दिवसांचं पाणी दोन दिवसांच्या पाण्यावर ओतलं की कुठलीही सरासरी चांगली होते. पण मासे सरासरीत पोहत नाहीत. ते त्या दिवशीच्या पाण्यात पोहतात.

सरावात मी त्या वाक्यानंतर एक वाक्य जोडायचा प्रयत्न केला. “फक्त महिन्यातले द... द...” आणि गळा बंद. कंपनी तोंडातून निघून गेली आणि मी तिथे एकटी उभी राहिले.

“जो शब्द अडकतो तो टाळायचा,” मॅडम प्रेमाने म्हणाल्या. “सोपा शब्द घ्यायचा. ‘सरासरी’ किती छान येतं तुला.”

साहेब मागे बसले होते. ते नंतर एकटे असताना म्हणाले, “ते दोन दिवस सरासरीत आलेच की, भावना. खोटं काय आहे त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. मी शोधलं, सापडलं नाही. तीच माझी घुसमट होती. खोटं असतं तर मी नाही म्हणाले असते, किमान मान तरी आडवी हलवली असती. हे सगळं खरं होतं, बोलणारा माणूस भला होता, शिकवणारी बाई भली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ माझं ऐकत होती. यातून बाहेर पडायला दार कुठे असतं?

आणि खरी भीती तर पुढेच होती. ती साहेबांना ठाऊक नव्हती, कारण ते आमच्या गावचे नाहीत.

आमच्या आळीची सभा समाजमंदिरात बसते. तिथे तरण्या माणसाने बोललं तर चालतं, बाईने बोललं तरी चालतं. मधे कुणी तोडत नाही. पण बोलणं झालं की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याला उभं करतात आणि विचारतात, “घर काय म्हणतं?” घर ‘हो’ म्हणालं तर ते बोलणं घराचं झालं. मग ते खरं निघालं नाही तर जाब घराने द्यायचा. घरचं कोणी नसेल तर ते बोलणं कुणी धरतच नाही, वारा वाहून गेला असं समजतात. हेड ऑफिसच्या माणसाला हे कोण सांगणार? त्याचं बोलणं संपल्यावर सगळ्यांनी त्याच्या घरच्यांची वाट बघितली, आणि कुणी उभं राहिना तेव्हा उठून गेले. साहेबांना वाटलं, लोक चिडले.

माझ्या बाबांच्या चुलतभावाने एकदा जावयासाठी ‘हो’ म्हटलं होतं. जावई सगळ्यांच्या होड्यांना स्वस्त डिझेल आणून देणार होता. आणलं नाही. काकाला कुणी बोललं नाही, दंड नाही, भांडण नाही. फक्त त्यानंतर त्यांच्या घराला कुणी काही विचारलं नाही. लग्न ठरवताना नाही, होडी कधी ओढायची ते ठरवताना नाही. काका अजून सभेला येतो आणि शेवटच्या भिंतीला टेकून बसतो. त्याच्याकडे बघवत नाही.

माझे बाबा धर्माजी. त्यांच्यासाठी मला हे नको होतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी बाबा ओटीवर जाळं शिवत बसले होते. मी समोर जाऊन बसले. आई चुलीपाशी होती.

“बाबा, उद्या तुम्ही नका येऊ,” मी म्हटलं. ‘बाबा’वर जरा अडले.

“मी नाय आलो तर तुजं धरणार कोण?” बाबा जाळ्यातून वर न बघता म्हणाले. “पांडरा शर्ट काडून ठेवलाय. तुजी आई म्हणते इस्त्री कर. आता इस्त्री करायला मी नवरदेव हाय काय?”

ते खूश होते. आपली पोर सभेत बोलणार म्हणून खूश होते, आणि लपवत होते. मला त्या पांढऱ्या शर्टाचा रागच आला. म्हटलं, आत्ताच सांगून टाकू. घरात कंपनी व्हायचं नाही, असं मी ठरवलं होतं, म्हणून स्वतःच्याच गळ्याने सुरुवात केली.

“त्या पाण्याचं... द... द... द...”

बाबांची सुई थांबली. ते वाट बघायला लागले.

“दमलीस,” आई चुलीपासून म्हणाली. “दमली हाय ती. किती काम करून घेतात मेले. हातपाय धू, जेवून घे आणि नीज. उद्या तोंडावर तेज पायजे.”

मी मान हलवली. काय करणार, सवय आहे. बाबांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा सुई चालवायला घेतली. रात्री अंथरुणावर मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या, एकीतही अडखळले नाही.

सभेला समाजमंदिर भरलं होतं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, दुसऱ्या रांगेत साळुंखे साहेब आणि अपेक्षा मॅडम. पडदा आणि प्रोजेक्टर लावायला कंपनीने हितेशलाच पाठवलं होतं. तो कंपनीचा निळा शर्ट घालून दाराशी उभा होता आणि मित्रांकडे बघून छाती काढत होता. मी माइक घेतला, डोळे मिटले.

मी बोलले, आणि ते फार चांगलं झालं. हे मला सांगायलाच हवं. मी गावच्याच बोलीत बोलले, ही मॅडमची शेवटची युक्ती. ‘आमी’ म्हटलं, ‘तुमी’ म्हटलं. तीन चेहरे निवडले. जिवाणूंची गोष्ट सांगितली तेव्हा म्हाताऱ्या हसल्या. ‘भावना’ म्हटलं, ‘दर्या’ म्हटलं, ‘बोंबील’ म्हटलं. ज्यांनी मला लहानपणापासून शब्द पुरवले ते तोंड उघडं टाकून ऐकत होते. आई पदराने डोळे पुसत होती. मॅडम ओठांनी माझ्याबरोबर भाषण म्हणत होत्या. सरासरीचं वाक्य आलं, तेलासारखं गेलं. एवढं सुंदर मी कधी बोलले नव्हते आणि एवढी मी कधी अडकले नव्हते. बाहेरून कुणाला दिसलं नाही. आत मात्र दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि माझ्याच तोंडून निघालेलं एकेक वाक्य त्याला कडी घालत होतं.

बोलणं संपलं. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. साहेबांनी वाजवायला हात उचलले आणि कोणीच वाजवत नाही बघून खाली ठेवले.

सभेत सगळ्यात वडील चिंतूतात्या. ते बसल्या जागेवरून म्हणाले, “पोरगी चांगली बोलली. धर्माजी, घर काय म्हणतं?”

बाबा उभे राहिले. पांढरा शर्ट, त्याला इस्त्री केलेली. आईने शेवटी आपलंच खरं केलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली आणि पडद्याकडे बघितलं, विनोदसारखी.

“मी सगळं ऐकलं,” बाबा म्हणाले. “समजलं पन. चांगलं हाय. एकदापन अडली नाय.” मग ते सभेकडे वळले. “म्हणून मी घराचं ‘हो’ देत नाय.”

सभेत चुळबुळ झाली.

“तसं नाय,” बाबा म्हणाले. त्यांना बोलायची सवय नाही, ते शब्द उचलून उचलून ठेवत होते. “पंचवीस वर्सं मी हिला ऐकतो. मनातलं बोलायचं असलं की ही अडते. रडते, चिडते, पन अडते. आज बोलली ती कोन हाय, मला ठावं नाय. त्या बाईचं घर मी नाय. माज्या पोरीला बोलू दे. मंग मी सांगतो.”

साहेब उठले. चेहरा हसरा, पण कपाळावर घाम. “धर्माजीकाका, तिने ट्रेनिंग घेतलंय. खूप मेहनत केलीय. तुम्हाला अभिमान वाटायला हवा.”

“वाटतो,” बाबा म्हणाले. “तुमी बसा, साहेब.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माइक धरून उभी. डोळे मिटले की कंपनी होती, तिला सगळं येत होतं. मी डोळे उघडे ठेवले.

“त्या पाण्याचं,” मी म्हटलं. “महिन्यातले द... द...”

आणि बसला गळा. मान ताणली गेली, ओठ थरथरायला लागले, माझं ते जुनं कुरूप ध्यान माइकवरून साऱ्या आळीला ऐकू जायला लागलं. आणि लगेच माझा गाव माझ्या मदतीला धावला.

“दर्या?” कुणीतरी म्हणालं.

“दर महिन्याला?”

“दंड भरतील काय, असं म्हणते ती.”

“दम घे गो बाय,” ही आई.

मी प्रत्येक शब्दाला मान आडवी हलवत होते आणि त्या एका ‘द’ला धक्का देत होते. तेवढ्यात साहेब पुन्हा उठले. याच माणसाने एकदा माझ्यासाठी पेन खाली ठेवलं होतं. ते माझ्याकडे वळले, अगदी मायेने, आणि सभेला म्हणाले, “दर्जा. महिन्यातले सगळे दिवस दर्जा उत्तम असतो, असं तिला म्हणायचंय. हो ना, भावना?”

शब्द चांगला होता. जवळचा होता. दोन-तीन माणसांनी ‘हां, हां’ म्हटलंसुद्धा. बाबांना माझी अडखळ मिळाली होती, सभेला शब्द मिळाला होता, आता मी नुसती मान हलवायची होती. परमनंट होतं, हितेश होता, साहेबांचे उपकार फिटत होते. आयुष्यभर मी याहून कितीतरी वाईट शब्दांना मान हलवली होती. मान खाली जायला लागलीही. ती माझी मला जाताना जाणवली.

मी ती थांबवली. आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून आडवी हलवली.

साहेब उभेच राहिले. आता कुणी शब्द देईना. आईसुद्धा गप्प झाली, आणि ती गप्प झालेली मी पहिल्यांदा बघितली. सगळं समाजमंदिर माझ्या एका अक्षराची वाट बघत होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मला तो संपूच नये असं वाटत होतं, कारण तो संपला की काय होणार ते मला ठाऊक होतं.

“द... दोन दिवस,” मी म्हटलं. “टाकी धुतात. त्या द... दोन दिवसांचं पाणी कच्चं जातं. द... दुसरी टाकी नाय.”

बाबांनी मान डोलावली, आणि खाली बसता बसता चिंतूतात्यांना म्हणाले, “ही माजी. घर ‘हो’ म्हणतं. आता काय विचारायचं त्ये हिलाच विचारा.”

आमच्या सभेत असं कधी झालं नव्हतं. तात्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच बोलणाऱ्याकडेच तोंड वळवून विचारलं, “दुसरी टाकी का नाय बांदली?”

दाराशी हितेश उभा होता. छाती काढणं विसरून तो निळ्या शर्टाचं बटण चाचपत होता. साहेबांचं ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मला द्यायचं होतं, आणि ते त्याच्याकडे बघतच द्यायचं होतं.